सोबत केंद्र, डोळखांब विभाग

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. सकाळ.

आजपासून समाजसेवा.

रिटायर होऊन महिना झाला. आराम पुरे. अंबरनाथच्या कंपनीत आयुष्यभर स्टोअर्स सांभाळलं, एक नट इकडचा तिकडे झाला नाही. असा माणूस घरात बसून राहणं हे समाजाचं नुकसान आहे. शिवाय हॉलमधल्या फॅनचा आवाज येतो. नोकरीत असताना कधी ऐकू आला नव्हता. ऑइल घातलं पाहिजे. बाकी काही तक्रार नाही.

स्नेहलला फोन केला. म्हणाली, पप्पा, मुरबाडला या ना आमच्याकडे राहायला. जावयाच्या घरी पेपर वाचत बसायला मी काय म्हातारा झालो? सांगितलं, मला टाइम नाही, नवीन करिअर सुरू करतोय. तिने दोनदा विचारलं, कसलं करिअर? अभिमान वाटला असणार.

२ ऑगस्ट, शनिवार.

क्षेत्र कुठलं निवडावं? पर्यावरणात आधीच गर्दी आहे. शिक्षणात मुलं असतात आणि मुलं गोंगाट करतात. म्हातारी माणसं उरली.

यूट्यूबवर एक बाई समुपदेशन शिकवते. म्हणाली, एकाकीपणा हा फार मोठा प्रश्न झाला आहे. एकटी माणसं स्वतःशीच बोलतात, वेळी-अवेळी चहा करतात, सवयीने दोन कप काढतात. काय हाल आहेत लोकांचे. मी तेव्हा चहाच करत होतो. दुसरा कप परत ठेवला.

ठरलं. एकाकी ज्येष्ठांसाठी 'सोबत केंद्र'. आमच्या सोसायटीत नको, इथे ज्येष्ठांचा कट्टा आहे. मी जात नाही. सगळे जोडीने येतात.

४ ऑगस्ट, सोमवार.

लाभार्थी कुठे मिळतील याचा विचार करत आसनगाव स्टेशनबाहेर भाजी घ्यायला गेलो. डोळखांबकडच्या एका पाड्यावरून बाईजा दर सोमवारी आणि शुक्रवारी येते. आमची हौसा भाजी फक्त तिच्याकडून घ्यायची. तासभर दोघींच्या गप्पा आणि मी पिशवी धरून उभा.

बाईजाने विचारलं, भाऊ, बाई दिसत नाय कवापासना? म्हटलं, मुरबाडला आहे, मुलीकडे.

हौसा गेली त्याला वर्ष होत आलं. पण हातात कुरडूच्या भाजीची जुडी धरून, रिक्षावाले ओरडत असताना, असं काही सांगता येतं का? आणि समाजसेवकाने आपलं दुःख लोकांवर लादू नये. दोन जुड्या घेतल्या, हौसा घ्यायची तशा.

मग मुद्द्याचं विचारलं. तुमच्या पाड्यावर म्हातारी माणसं आहेत? बाईजा म्हणाली, लय हायेत. एकटी आहेत? एकटी कशानं असतील, भाऊ? यूट्यूबवाली बाई म्हणालीच होती, लोक आधी नाकारतात. पाडा नक्की केला.

९ ऑगस्ट, शनिवार.

शहापूरला फ्लेक्स छापला. 'सोबत केंद्र, डोळखांब विभाग.' इतर विभाग अजून नाहीत, पण पुढे होतील. खाली संस्थापक, अध्यक्ष, सचिव म्हणून माझा फोटो. एकट्याचा चांगला फोटो घरात सापडेना. स्नेहलच्या लग्नातला दिला आणि मला तेवढा कापून घ्या म्हटलं. दुकानातल्या पोराने कापला, पण माझ्या खांद्याला लागून हिरव्या साडीचा काठ राहिला. म्हणाला, काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, राहू दे, उशीर होतोय.

उशीर होत नव्हता.

१२ ऑगस्ट, मंगळवार.

उद्घाटन. बाईजाचा नवरा विठू याने समाजमंदिर उघडून दिलं. फ्लेक्स लावला, सतरंजी टाकली. वार ठरले मंगळवार, गुरुवार, शनिवार. विठूला म्हटलं, पहिले लाभार्थी तुम्हीच व्हा. तर म्हणाला, आज नाय जमायचं भाऊ, गुरांची बारी आमची हाय.

बारी म्हणजे काय ते विचारून घेतलं. शेतात भात उभं असेपर्यंत गुरं मोकळी सोडत नाहीत. रोज एका घराने सगळ्या पाड्याची गुरं रानात न्यायची, राखायची, संध्याकाळी परत आणायची. दुसऱ्या दिवशी दुसरं घर. विहिरीजवळच्या घरापासून सुरू होऊन टोकाच्या घरापर्यंत. उत्तम ड्युटी रोस्टर. आमच्या कंपनीत एच.आर.ला हे जमलं नव्हतं.

लाभार्थी कोणी आले नाहीत. उद्घाटनाच्या दिवशी लोक बुजतात.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

कोणी नाही. उद्या झेंडावंदन, लोक त्या गडबडीत.

१९ ऑगस्ट, मंगळवार.

कोणी नाही. शुक्रवारी झेंडावंदन होऊन गेलं, लोक दमलेले.

पावाला जॅम लावून डबा नेला होता. सतरंजीवर बसून एकट्याने खाल्ला. समोरून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन गेली. परत येताना थांबली, माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि गेली. संपर्क वाढतो आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार.

पहिला लाभार्थी! गोमा आजोबा. मी पोचलो तेव्हा पायरीवर बसलेच होते. आत बोलावलं. दोन तास सेशन चाललं. यूट्यूबवाली बाई म्हणते, समुपदेशकाने आधी स्वतः मोकळं व्हावं, म्हणजे समोरचा उघडतो. म्हणून आधी स्टोअर्सचं सांगितलं. मग फॅनचं. मग कसं कोण जाणे, हौसाचं निघालं. हॉस्पिटल, तो शेवटचा दिवस, मी खाली चहा प्यायला गेलो होतो तेवढ्यात, ते सगळं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, स्नेहललाही नाही. आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते, नजर हलवली नाही. मध्येच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. असा श्रोता मिळाला नव्हता.

निघताना लखमा म्हणून एक जण भेटला. म्हणाला, गोमा आजाला कानानं आयकू येत नाय, लहानपणापासून.

बरंच झालं. गोपनीयता हा समुपदेशनाचा पाया आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार.

लखमा स्वतःहून आला! गोमा आजोबांनी खाणाखुणांनी काहीतरी सांगितलेलं दिसतं. माउथ पब्लिसिटी.

प्रश्नावली घेतली. एकटं वाटतं का? लखमा म्हणाला, कवा वाटायचं? घरात अकरा माणसं. जरा एकटं वाटलं असतं तं बरं झालं असतं. मी त्याला एकांत आणि एकटेपणा यांतला फरक समजावला. समजावता समजावता तो भिंतीला टेकून झोपला. याला रिलॅक्सेशन म्हणतात. दुपारी उठून म्हणाला, चला, झाली माझी. काय झाली ते विचारायचं राहिलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार.

या वर्षी घरी गणपती आणला नाही. मोदक कोण करणार. स्नेहलकडे दीड दिवस राहून आलो. जावई चांगला आहे. मला सोफ्यावरून उठूही देत नव्हता. विसर्जन करून घरी परतलो. फॅन.

२ सप्टेंबर, मंगळवार.

आज ठमी आली, म्हणजे मागे गवताचा भारा टाकून परत येताना थांबली होती तीच. हाडाची कामसू. आल्या आल्या सतरंजी झटकली, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं, माझा जॅम-पाव उचलून कोंबड्यांना घातला आणि मला नाचणीची भाकरी दिली. लाभार्थी केवळ घेत नाहीत, देऊही लागले आहेत. याला सहभाग म्हणतात.

एक नोंद करण्यासारखी गोष्ट. लोक एका वेळी एकच येतात, आणि विहिरीकडच्या घरांपासून ओळीने येतात. दोघे एकदम कधीच नाहीत, आणि लखमा आल्यापासून कोणी नाही असा दिवस नाही. माझ्यामुळे पाड्याला शिस्त लागली.

११ सप्टेंबर, गुरुवार.

वर्षश्राद्ध तिथीने स्नेहलकडे झालं. तारखेने आज. केंद्र बंद ठेवावं का? नाही. ड्युटी फर्स्ट.

आज आलेल्या म्हातारीला मी काही विचारलं नाही आणि तिनेही काही विचारलं नाही. ती वाल सोलत बसली. थोड्या वेळाने अर्धे माझ्या पुढ्यात ढकलले. चार वाजेपर्यंत दोघं वाल सोलत होतो. आज समुपदेशन असं काही झालं नाही. दिवस गेला मात्र.

२० सप्टेंबर, शनिवार.

स्नेहलला फोनवर प्रोग्रेस सांगितला. म्हटलं, पाड्यातली एकाकी माणसं एक दिवस चुकत नाहीत. माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही जेवता ना नीट? मोठं काम करणाऱ्याला घरचे असलेच प्रश्न विचारतात.

पुढल्या वर्षी मुरबाड विभाग. त्यानंतर जिल्हा.

मंगळवार-गुरुवार-शनिवार सोडून इतर वार फार लांब असतात.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वाघबारस.

जाहीर सत्कार!

विठूने मुद्दाम निरोप पाठवून बोलावलं होतं. आज गुरं राखणाऱ्यांचा सण. शिवेवरच्या वाघदेवाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, तिथेच चुलीवर खीर शिजवतात. सगळा पाडा जमला होता. विठूने देवापुढे हात जोडले आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. म्हणाला, वाघदेवा, आमची गुरं, वासरं, शेरडं, आसनगावचं भाऊ आनि कोंबड्या, समद्यांना सांभाल. रानात कोन चुकू नको दे, बारीवाल्याच्या हातनं कोनाची हयगय होऊ नको दे.

माझं नाव! देवासमोर! शेरडांच्या नंतर, पण कोंबड्यांच्या आधी. इतकी वर्षं कंपनीत काढली, निरोपाला एक घड्याळ आणि अर्धा समोसा. इथे दोन महिन्यांत ही जागा.

पानात खीर वाढताना बाईजा म्हणाली, बाईंना खीर लय आवडली असती. म्हटलं, हो, मुरबाडहून आली की आणतो. बाईजाने माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक डाव वाढली.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

लिहू की नको.

पोचलो तर समाजमंदिराभोवती सगळ्या पाड्याची गुरं. एक खोंड खिडकीतून आत डोकावतोय, एक गाय फ्लेक्सवरचा माझा फोटो चाटतेय. पायरीवर हातात काठी घेऊन बाईजा. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, हे काय आहे? केंद्रात गुरं कशाला?

बाईजा म्हणाली, काय करनार भाऊ, आज दोन्ही बाऱ्या आमच्याच घरात आल्या. गुरांची पन आनि तुमची पन. विठू गेलाय कापनीला. मी एकली कुठं कुठं बघू? म्हटलं, दोन्ही एका जागी राखू.

माझी कसली बारी?

तिने सरळ सांगून टाकलं. लपवण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नसावं. म्हणाली, गोमाला आयकू येत नाय भाऊ, पन डोलं हायेत ना. तो पाड्यात येऊन हातानं दाखवीत व्हता, का मानूस बोलता बोलता रडतो. ठमी म्हनाली, एकलाच बसून पाव खातो. मंग समद्यांनी ठरवलं, विहिरीपासना घरटी एक दिस. गुरांचा लावतो तसा.

मी म्हटलं, बाईजा, हे केंद्र आहे. मी चालवतो. तुमच्यासाठी.

हां, तुमी चालवा की, ती म्हणाली. आमी कवा नाय म्हटलं?

मग काठीने एका वासराला वळवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, बाई मुरबाडला नायत, हे तुमी म्हनालात तवाच कललं आमाला. एकलं असून माझ्याकडनं दोन जुड्या घेता ना, मला वाईट वाटं.

मी सतरंजीवर बसलो. ती पायरीवर. गुरं आजूबाजूला. चारपर्यंत बसलो, कारण मी निघालो असतो तर तिची बारी अर्धी राहिली असती.

२६ ऑक्टोबर, रविवार.

सचिव म्हणून राजीनामा लिहिला. अध्यक्ष म्हणून स्वीकारला. संस्थापकाने खेद व्यक्त केला.

मी गुरांत जमा! मी, स्टोअर्स इन-चार्ज काळूराम! दया दाखवायला यांना कोणी सांगितलं होतं? आणि कामं सोडून यायची काय गरज? लखमा माझ्यापाशी झोपला होता त्या दिवशी त्याची सून शेतात एकटी निंदत असणार. ठमीचा गवताचा एक भारा बुडाला असणार. मला कोणी विचारलं? मी स्पष्ट सांगितलं असतं, मला सोबतीची अजिबात गरज नाही.

आता पर्यावरण. तिथे गर्दी आहे, पण चालेल.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.

गेलो नाही.

आज टोकाच्या घराची बारी होती. कोणीतरी येऊन बसलं असेल का?

८ नोव्हेंबर, शनिवार.

फ्लेक्स आणायला गेलो. फक्त फ्लेक्स. सार्वजनिक ठिकाणी राजीनामा दिलेल्या माणसाचा फोटो बरा दिसत नाही.

कापणी उरकलेली. समाजमंदिरात भाताच्या गोण्या, मुंगी शिरायला जागा नाही. फ्लेक्स अंगणात जमिनीवर पसरलेला आणि त्यावर नाचणी वाळत घातलेली. 'सोबत केंद्र' नाचणीखाली, मीही नाचणीखाली. फक्त त्या हिरव्या काठाएवढी जागा मोकळी ठेवली होती. तेवढ्यावर एक दाणा नव्हता. ठमीला विचारलं, असं का? ती म्हणाली, बाईंचं लुगडं हाय ना ते. त्याच्यावर कसं घालायचं?

मी फ्लेक्स मागितला नाही.

पायरीवर बसलो. कोणी आलं नाही. लखमाच्या घराला कुलूप, अकराही माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. गोमा आजोबा ठमीच्या ओटीवर नातवंडांच्या घोळक्यात, मला बघून हात हलवला. गुरं राखणाऱ्याशिवाय शेतातून फिरत होती.

विठू आला तेव्हा विचारलं, आज बारी कोणाची? तो म्हणाला, बारी संपली भाऊ. भात निघालं, आता रान मोकलं. गुरं आपली आपन चरतात, सांजेला आपली आपन घरला येतात.

गुरांकडे बघूनच म्हणाला. मीही गुरांकडेच बघत होतो.

म्हटलं, परत कधी लागते? पुढल्या पावसात, लावनी झाली का, तो म्हणाला.

पुढला पाऊस. एकदम म्हणालो, विठू, पुढल्या पावसात गुरांच्या बारीत माझंही घर धरा. एक दिवस मी राखतो. विठूने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. हसला नाही. म्हणाला, धरू की. पन तुमच्याबरोबर कोनाला तरी द्यावं लागल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

फॅनला ऑइल घातलं. आता आवाज येत नाही. त्यापेक्षा आवाज बरा होता.

मला एकटं वाटतं. यूट्यूबवरची प्रश्नावली काढली होती. पहिलाच प्रश्न. उत्तर लिहून टाकलं.

संध्याकाळी स्टेशनबाहेर गेलो. बाईजाकडे लाल माठ होता. सवयीने दोन जुड्या उचलल्या. बाईजाने माझ्या हातातली एक काढून परत टोपलीत ठेवली. म्हणाली, एकल्याला एक पुरं. पैसेही एकीचेच घेतले. मी पिशवी धरून उभा राहिलो, नेहमीसारखा. गिऱ्हाईक कमी होतं. ती लखमाच्या सुनेचं सांगत होती, बाळंतपण जवळ आलंय आणि ती भट्टीवर. मी ऐकत होतो. तिची टोपली रिकामी होईपर्यंत थांबलो. तिने जा म्हटलं नाही.

घरी येऊन माठ केला. पहिल्यांदाच. तेल, लसूण, मिरची, सगळं बरोबर. खायला बसल्यावर कळलं, मीठ घालायचं राहिलं.

हे सांगायला घरात कोणी नाही. सोमवारी बाईजा येईल, तिला सांगेन.